गाभा क्रमांक एकतीस

माझ्या टेबलावर नऊ वर्षं मिठाचा एक दंडगोल होता. लांबी अकरा सेंटिमीटर, व्यास पाच. त्याच्या एका टोकाला करंगळीच्या नखाएवढा स्वच्छ स्फटिक होता आणि त्या स्फटिकात पाण्याचा एक थेंब अडकलेला होता. भिंगाखाली मोजला तेव्हा रुंदी दीड मिलिमीटर भरली. थेंबात एक बुडबुडा होता. दंडगोल डावीकडे कलवला की बुडबुडा उजवीकडे चढायचा, गवंड्याच्या पाणसळीत चढतो तसा. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला त्याला दोन सेकंदांहून थोडा कमी वेळ लागायचा.

ते पाणी पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राचं होतं. समुद्र आटला, मीठ उरलं, त्यावर वाळू आणि चुनखडक चढत गेले. बिकानेरच्या उत्तरेला सातशे मीटर खाली ते मीठ अजून आहे. त्यात भोक पाडून आम्ही बासष्ट गाभे वर काढले होते. हा एकतिसावा. बुडबुडा आवडला म्हणून मी तो मागून घेतला. बाकीचे एकसष्ट चाचणीसाठी पुण्याच्या प्रयोगशाळेत गेले, आणि मीही त्यांच्याबरोबर गेले. तेव्हा मी डॉक्टर विद्याधर ओकांची विद्यार्थिनी होते.

आता त्याच जागी, त्याच मिठात चार पोकळ्या आहेत. चौथी सगळ्यात मोठी: उंची ऐंशी मीटर, रुंदी पंचावन्न. ती कुणी खणलेली नाही. पोकळी विरघळवतात. एका नळीतून गोडं पाणी खाली सोडायचं, ते मीठ खातं, आणि झालेलं खारं पाणी बाहेरच्या नळीतून वर येतं. छप्पर विरघळू नये म्हणून पाण्याच्या डोक्यावर नायट्रोजनचा थर ठेवायचा. असं तीन वर्षं चाललं. शेवटी खारं पाणी उपसून तिथे हायड्रोजन भरला. उन्हाळ्यात सूर्याची वीज उतू जाते. त्या विजेनं पाणी फोडून हा वायू मिळतो. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत धुकं पडतं, तीन-तीन आठवडे पॅनलांना ऊन दिसत नाही. तेव्हा हाच वायू परत वीज देतो.

चौथीच्या आत माणूस कधी गेलेला नाही, जाणारही नाही. आम्ही तिला ओळखतो ती ध्वनिलहरींनी, दाबमापकांनी आणि धाकटीमुळे.

धाकटी म्हणजे संगणकातली चौथी. हे नाव मांगीलाल सारडांनी ठेवलं. ते विहिरीच्या तोंडावरची सगळी यंत्रणा सांभाळतात. गाव इथून चाळीस किलोमीटरवर, पण वडिलांचं कापडाचं दुकान इचलकरंजीत, त्यामुळे शाळा तिथली आणि मराठी थेट पंचगंगेच्या काठची. "जमिनीखालची थोरली, डब्यातली धाकटी," ते म्हणाले, "धाकटी बोलती, थोरली बोलत न्हाई. घरोघरी हेच." विरघळवण्याची तिन्ही वर्षं किती पाणी सोडायचं, नळी किती उचलायची, हे धाकटीनंच ठरवलं. ती चुकली असं कुणाला आठवत नाही. हळूहळू तिला विचारल्याशिवाय कुणी काही करेनासं झालं, आणि तिनं सांगितल्यावर कुणी काही विचारेनासं झालं. ती मी बनवली आहे, म्हणून मलाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ओक सरांनी मला बोलावलं. ते आता प्रकल्पाचे प्रमुख आहेत आणि डिसेंबरअखेर निवृत्त व्हायचे होते.

"घरत, अंतिम बैठकीसाठी एक तक्ता दे. वर्षभरात धाकटी कुठे कुठे चुकली त्याचा. मोठ्या अक्षरात."

"चुका मोठ्या अक्षरात?"

"चुका बारीकच आहेत. अक्षरं मोठी. समोरच्यांना दिसू दे किती बारीक आहेत ते."

या बैठकीत चौथीचा हिवाळा ठरणार होता. आतापर्यंत आम्ही तिच्यातला दाब वर ठेवून चाचण्या घेतल्या होत्या. या हिवाळ्यात प्रथमच तो एकशे पंचवीस बारवरून पंचेचाळीसपर्यंत उतरवायचा आणि धुक्याचे सत्तर दिवस तिथेच ठेवायचा, असा बेत होता. तेवढा वायू मिळाला तर उत्तरेतला कोळशावरचा शेवटचा वीजसंच एक डिसेंबरला बंद होणार होता. नुसता बंद नव्हे, त्याचा बॉयलर कापून भंगारात जाणार होता. परतीची वाट नव्हती.

मी तक्ता करायला बसले. धाकटी दर आठवड्याला थोरलीचं आकारमान आधी वर्तवते, मग मोजलेलं पाहते, आणि फरक असेल तर स्वतःला तेवढं सरकवून घेते. फरक पाच हजारांत एकापेक्षा कमी असेल तर कुणाला कळवतही नाही. ही सोय मीच केली होती, उगीच सूचनांचा पाऊस नको म्हणून. त्रेचाळीस आठवड्यांच्या त्रेचाळीस दुरुस्त्या मी एकाखाली एक मांडल्या. सगळ्या खरोखरच बारीक होत्या.

आणि त्यांतल्या एक्केचाळीस एकाच बाजूच्या होत्या.

नाणं त्रेचाळीस वेळा उडवलं आणि एक्केचाळीस वेळा छापा पडला तर नशिबाचं कौतुक करायचं नसतं, नाणं तपासायचं असतं. दर वेळी थोरली धाकटीच्या अंदाजापेक्षा किंचित लहान भरत होती. धाकटी निमूटपणे आपला आकडा खाली आणत होती. म्हणून आलेखात दोघी वर्षभर एकमेकींवर तंतोतंत बसलेल्या दिसत होत्या.

मी आधी मापकांवर संशय घेतला. तसं करणं सोपं असतं.

"माझ्या मीटरला काय धाड भरल्या?" मांगीलालजी म्हणाले. तरीही त्यांनी दोन दिवस खर्चून सगळे दाबमापक उतरवून तपासले. "सगळं झ्याक हाय बगा. गेल्या चैतात कोरं बसवल्यात. थोरलीच बारीक व्हायला लागली असंल."

"का होईल?"

"उपास करत असंल. तुम्ही आत सोडलाय न्हवं हवेवानी हलका गॅस. त्यानं कुनाचं पोट भरतंय?"

मी हसले, पण त्यांचं अर्धं बरोबर होतं. मीठ हा दगड असला तरी फार संथ वाहणारा दगड आहे. पावसाळ्यात गुळाची ढेप बसते तसा तो बसतो. आतला वायू भिंतींना टेकू देतो. वायूचा दाब उतरला की भिंती आत यायला लागतात. किती वेगानं, हे सांगणारा एक स्थिरांक आहे. आमच्या मिठासाठी तो पुण्याच्या त्या एकसष्ट गाभ्यांवरून काढला होता. त्याला ओक-घरत स्थिरांक म्हणतात. देशात सात ठिकाणी तो वापरतात. माझ्या आडनावाला विज्ञानात मिळालेली ती एकमेव जागा आहे.

आठवडाभराच्या अंदाजात स्थिरांक थोडा चुकीचा असला तरी दुरुस्ती त्याला झाकते. पण पुढच्या सत्तर दिवसांच्या दुरुस्त्या आज कुठून आणणार? तिथे धाकटीकडे फक्त स्थिरांक होता.

बाबा त्या हिवाळ्यात माझ्याकडे राहायला आले होते. आई गेल्यावर पेणला एकटेच होते. आमचं तिकडे मिठागर होतं. बाबांनी पन्नास वर्षं तिथे मीठ पिकवलं. मला वाटलं होतं, वाळवंटात त्यांना करमणार नाही. पण चौथीतून उपसलेलं खारं पाणी आम्ही मैलभर लांबीच्या उथळ तळ्यांत सोडलं होतं. बाबांनी दुसऱ्या दिवशी बोट बुडवून चाटलं, "कडू नाय, बेस हाय," म्हणाले आणि फावडं मागून घेतलं. तेव्हापासून रोज सकाळी ते तळ्यावर असायचे.

त्या रविवारी मी त्यांचा चहा घेऊन तिकडे गेले. त्यांनी दोन राशी घातल्या होत्या. एक तळ्याकाठच्या सुक्या मिठाची. दुसरी दहा दिवसांपूर्वी पाण्यातून ओलीच ओढून घातलेली, वर भाताचा पेंढा मिळेना म्हणून बाजरीचा कडबा. प्रत्येक राशीत मधोमध एक बांबू जमिनीपर्यंत ठोकलेला, आणि राशीच्या माथ्यापाशी त्याला लाल दोरा बांधलेला. पेणलाही ते असंच करत.

सुक्या राशीचा दोरा माथ्यालाच होता. ओल्या राशीचा माथ्याच्या वर चार बोटं दिसत होता.

"कुणी मीठ नेलं का यातलं?" मी विचारलं.

"कोन नेनार? हिकडं मान्सा परीस उंटं जास्ती." बाबांनी चहा बशीत ओतला. "रास बसली ती. ओली रास बसतेच."

"पाणी निघून गेलं म्हणून?"

"पानी अजून आतच हाय. हात घालून बघ." मी घातला. आत गार आणि ओलं होतं. "सुकी रास म्हंजे खडी गो, बाय. दाना दान्याव बसून राह्यतो, हालत नाय. ओल्या राशीत पानी फिरतं. जिथं दाना दाबतो तिथं थोडा खातं, नि जिथं मोकलं हाय तिथं नेऊन लावतं. म्हनून रास चालते. पानी हाय तवर चालते."

मी वीस वर्षं खडकांचं यांत्रिकशास्त्र शिकले आणि शिकवलं आहे. दाबाखालचं मीठ कणांच्या सांध्यातल्या पाण्यात विरघळतं आणि कमी दाबाच्या जागी पुन्हा जमतं, ही प्रक्रिया मला समीकरणांसह ठाऊक होती. प्रयोगशाळेत जास्त भार टाकून थोडे दिवस पाहिलं तर ती दिसत नाही. कमी भारावर, दीर्घ काळ, तीच मुख्य असते. पण त्यासाठी मिठाच्या अंगात पाणी हवं. अगदी थोडं, त्या बुडबुड्याच्या थेंबाएवढं.

हात अजून राशीतच होता. तेव्हा मला भट्टी आठवली.

पुण्यात जुलै होता. गाभ्यांच्या पेट्या उघडल्या तर सगळ्यांना घाम फुटलेला. मी मिठागरावरची मुलगी. आमच्याकडे ओलं मीठ म्हणजे वाईट मीठ. व्यापारी मूठभर उचलून आवळायचा, आणि मुठीत गोळा राहिला तर अख्खी रास नाकारायचा. लहानपणी आभाळ भरलं की आम्ही भावंडं राशी झाकायला धावत सुटायचो. चांगलं मीठ सुकं असतं, हे मला वाचायला येण्याआधी येत होतं. मी सगळेच्या सगळे एकसष्ट गाभे एकशे दहा अंशांवर भट्टीत ठेवले. दुसऱ्या कुणी नुसता बाहेरचा घाम पुसला असता. भट्टीतून तडतड ऐकू येत होती, आई कढईत खडेमीठ भाजायची तेव्हा यायची तशी. मला तो आवाज स्वच्छतेचा वाटला होता. ते आतले थेंब फुटत होते.

घरी येऊन मी जुनी वही काढली. तारीख, वार आणि माझं अक्षर: 'सर्व गाभे वाळवून घेतले.' शेजारी हिरव्या शाईत ओक सरांची खूण आणि एक शब्द, 'छान'.

एकतिसावा गाभा भट्टीत गेला नव्हता.

सोमवारी मी तो टेबलावरून उचलला. जागेवरच्या प्रयोगशाळेत दोन जुनी दाबयंत्रं होती. एकात एकतिसावा ठेवला, दुसऱ्यात पुण्याहून परत आलेल्या गाभ्यांपैकी त्याच मापाचा कापलेला एक. दोघांवर सारखा, हलका भार. खोलीचं तापमान एक अंशाच्या आत बांधलं. पहिले काही तास टोकं बसायला सोडून दिले आणि मग मोजायला लागले.

मांगीलालजी डोकावले. "ह्यो तुमच्या टेबलावरचा न्हवं? बुडबुड्याचा?"

"तोच."

"चेपायला घेतलासा? काय गुन्हा केला बिचाऱ्यानं?"

"साक्षीदार आहे," मी म्हणाले. त्यांनी पुढे विचारलं नाही. दाराबाहेर 'हात लावू नये' अशी पाटी मात्र स्वतः लिहून लावली.

आमच्याकडे एक रीत आहे, ओक सरांनी पहिल्या दिवसापासून पाडलेली. दर गुरुवारच्या आढाव्यात ठराव नुसत्या सह्यांवर संमत होत नाही. प्रत्येक विभागाचा माणूस उभा राहतो आणि मोठ्यानं 'मान्य' म्हणतो. सरांचं म्हणणं, सही माणूस न वाचता करतो, पण स्वतःचा आवाज त्याला ऐकावाच लागतो. त्या गुरुवारी हिवाळ्याच्या तयारीचा पहिला टप्पा होता. मी उभी राहिले आणि मान्य म्हणाले. माझ्याकडे तेव्हा तीन दिवसांची मोजमापं होती. तीन दिवसांवर कुणी बोलत नाही. पुढच्या गुरुवारी दहा दिवसांची होती. दोन्ही रेषा स्पष्ट वेगळ्या झाल्या होत्या. मी पुन्हा मान्य म्हणाले, आणि या वेळी स्वतःचा आवाज मला ऐकू आला.

त्याच दुपारी मी सरांना सांगायचं ठरवलं. जेवणघरात त्यांच्यासमोर ताट घेऊन बसले.

"घरत, तू काहीतरी गिळून बसली आहेस," ते म्हणाले. "भेंडीशिवाय."

"सर, पुण्यातले ते गाभे..."

"आठवतात की! तू रात्री भट्टीपाशी बसून होतीस. मी बायकोला सांगितलं होतं, ही मुलगी मिठाला जपते तसं लोक लेकराला जपत नाहीत." ते हसले, मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तुला मी कधी सांगितलं नसेल. माझे वडील औष्णिक केंद्रात होते. वसाहत चिमणीच्या खालीच. आई पहाटे चारला कपडे वाळत घालायची आणि साडेसहाच्या आत काढायची. साडेसहाला वारा फिरायचा आणि राख यायची. तीस वर्षं. शेवटी तिला दम लागला तरी चारलाच उठायची. एक डिसेंबरला तो संच बंद होईल ना, त्या दिवशी मी सकाळी दहाला दोरीवर पांढरा सदरा वाळत घालणार आहे. मुद्दाम. दिवसभर ठेवणार." ते माझ्याकडे वळले. "काय म्हणत होतीस? गाभे?"

"काही नाही, सर. तक्ता तयार आहे."

"शाबास," ते म्हणाले आणि ताक प्यायले.

एकोणिसाव्या दिवशी मी यंत्रं थांबवली. भट्टीतून गेलेला गाभा तीन मायक्रॉन आखूड झाला होता. एकतिसावा बावीस. बावीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचा चौथा हिस्सा. वेग सातपट.

एका तुकड्यावरून नियम होत नाही. म्हणून मी तो वेग धाकटीला दिला, तिच्या सगळ्या दुरुस्त्या बंद केल्या आणि तिला गेले त्रेचाळीस आठवडे पुन्हा पहिल्यापासून चालायला सांगितलं, कुणाचाही हात न धरता. ती चालली. प्रत्येक आठवड्याला थोरलीच्या मापाशेजारीच पाऊल टाकत गेली, कधी किंचित वर, कधी किंचित खाली. बावीस वेळा वर, एकवीस वेळा खाली. मी ते आकडे तीनदा मोजले. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फक्त आनंद झाला. इतकं सुंदर जुळलेलं गणित मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

मग मी तिला विचारलं, पंचेचाळीस बार, सत्तर दिवस. पोकळीच्या मानेपाशी सिमेंटनं पक्की केलेली पोलादी नळी आहे. भिंती आत येतात तेव्हा मान खाली ओढली जाते आणि नळी ताणली जाते. नव्या आकड्यानं तो ताण नळीच्या सांध्याला सोसवेल त्याच्या तिप्पट येत होता. सांधा उघडला की हायड्रोजन थांबत नाही. त्याच्याएवढा लहान रेणू दुसरा नाही. विहिरीपासून सहाशे मीटरवर चाळीस घरांची ढाणी आहे. तिथल्या बायका आमच्या तळ्यावर मीठ न्यायला येतात, बाबांना 'काकोसा' म्हणतात. पंच्याहत्तर बारला मात्र नळी सुरक्षित होती. पण मग वायू मिळणार होता आठातले पाचच भाग. तेवढ्यात कोळशाचा संच बंद करता येत नव्हता. पाचवी पोकळी व्हायला आणखी दोन हिवाळे.

गाभा यंत्रातून काढून भिंगाखाली धरला. बुडबुडा नव्हता. स्फटिकातून एक बारीक चीर गेली होती आणि थेंब तिच्यातून निघून कणांच्या सांध्यांमध्ये पसरला होता. प्रकाश तिरका धरला की सांधे ओले चमकत होते.

अंतिम बैठक गुरुवारी अकराला होती. सकाळी बाबांनी चहा केला. मी त्यांना सगळं सांगितलं, भट्टीपासून. समीकरणं सोडून सगळंच. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, "तडतडलं तवाच कललं असतं मना."

"मलाही कळायला हवं होतं."

"तुला मीच शिकवलं ना, सुकं ते चांगलं. इकायचं मीठ येगलं, टेकू द्यायचं मीठ येगलं. मना काय ठावं तू मिठाची घरं बांधशील." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या सायबाला बोल्लीस?"

"नाही. त्यांची वहीवर खूण आहे, बाबा. छान लिहिलंय त्यांनी. आणि ते जाताहेत महिनाभरात. आत्ता मी बोलले तर त्यांचं सगळं..."

"तू शालेत नव्हतीस तवाची गोष्ट," बाबा म्हणाले. "उधानाची भरती होती. बांधाची उघाडी, पानी आत घ्यायचं दार, मी एक दिस आधी खोललं. मना वाटलं पानी चढलं. चार जनांच्या आगरात कच्चं पानी घुसलं, पिकलेलं मीठ इरघललं. सकालपासून सगली भरतीला शिव्या घालाय लागली. यंदाची भरतीच खोटी, बोलतंन. मी पन घातल्या. आठ दिस."

"मग?"

"मंग काय. भरती काय बोलनार? तिला थोबाड हाय?" त्यांनी रिकामी बशी पालथी घातली. "नवव्या दिसाला बोल्लो. लोकांनी चार दिस तोंड फिरवलं. पन दुसऱ्या वर्सी उघाडीची चावी परत माझ्याकडंच दिली. बोल्ले, तुला आता उघाडी कललेय."

बैठकीआधी मी सरांच्या खोलीपाशी गेले. ते संचाच्या लोकांशी फोनवर बोलत होते. मला पाहून त्यांनी हातानं खूण केली: आता बैठकीतच. खुर्चीच्या पाठीवर एक नवा पांढरा सदरा घडी घालून ठेवलेला होता.

खोली भरली होती. भिंतीवरच्या पडद्यावर दिल्लीहून वीजजाळ्याच्या बाई होत्या, संचाचे दोघे होते. माझा तक्ता मोठ्या अक्षरांत लागला होता. सरांनी तो दोन मिनिटांत कौतुकानं समजावून सांगितला. एक्केचाळीस आणि दोन त्यांना दिसलं नाही. तक्त्यात मी फक्त चुकांचा आकार दिला होता, दिशा दिली नव्हती. तेही मीच केलं होतं.

"तर," सर म्हणाले, "चौथी पोकळी, किमान दाब पंचेचाळीस बार, सत्तर दिवस. विहीर?"

मांगीलालजी उभे राहिले. "मान्य."

"वीजजाळं?"

"मान्य," पडद्यावरून आवाज आला.

"धाकटी?"

हे नुसतं विचारायचं म्हणून होतं. सर कागदावर पुढच्या ओळीकडे वळलेही होते. मी उभी राहिले. एकतिसावा गाभा माझ्या हातात होता. सवयीनं मी तो डावीकडे कलवला. आत काहीच सरकलं नाही.

"घरत?" सरांनी मान वर केली.

"अमान्य," मी म्हणाले.

खोलीत कुणीतरी हसलं, कारण हा शब्द तिथे कधी कुणी उच्चारलाच नव्हता. सर हसले नाहीत. त्यांची नजर माझ्या हातातल्या गाभ्यावर गेली, आणि तिथेच थांबली.

"सर, चौथी पंच्याहत्तरच्या खाली उतरवायची नाही. मापकांची चूक नाही, मिठाचीही नाही. स्थिरांक चुकला आहे, आणि तो सात ठिकाणी वापरात आहे. पुण्यात गाभे मी वाळवले होते."